घुंगटाआडची अहिराणी

माझी मातृभाषा मारवाडी. लिहिते मराठीत. आणि चिडले की बोलते अहिराणीत. नातवंडं म्हणतात, आजीचा पारा चढला की घरात नंदुरबारचा बाजार भरतो. म्हणोत बापडी. शाळेची मराठी मला मुलांच्या पाठीमागे बसून आली. ती पाटीवर गिरवायची आणि मी पोळ्या लाटता लाटता वाचायची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. सांगायचं आहे ते अहिराणीबद्दल, कारण ती मला कुणी शिकवायला बसलं नव्हतं आणि मीही शिकायला बसले नव्हते. मी बसले होते मिरच्यांच्या ढिगावर पहारा द्यायला, आणि तेही तोंड उघडायची बंदी असताना.

बंदी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर आजच्या पोरींना वाटेल म्हातारी फेकते आहे. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि घरात सासूचं. मी मारवाडातून लग्न होऊन नंदुरबारला आले. सासऱ्यांचं पुढे दुकान, मागे घर, आणि घरामागे हे एवढं मोठं परस, जिथे हंगामात मिरची वाळत पडायची. आमच्या घराण्याची रीत अशी की सुनेनं सासूशी बोलायचं नाही. सासऱ्याशी तर नाहीच नाही. नवऱ्याशी चारचौघांत नाही, आणि चारचौघं घरात कायम असायची. म्हणजे बोलायला उरलं कोण? पाण्याचा माठ. पहिले काही महिने मी त्याच्याशी पुष्कळ बोलले. समजूतदार होता, मध्ये तोंड घालायचा नाही.

न बोलता घर कसं चालायचं? त्याची एक वेगळीच भाषा होती. सासूबाईंनी काही विचारलं तर घुंगटातून जिभेनं टाळूवर एकदा 'टच्' केलं की 'हो', दोनदा केलं की 'नाही'. पाहुणे असले आणि मी दाराआड असले तर टच् ऐकू जायचं नाही, म्हणून चुडा हलवायचा. एकदा खळकन्, म्हणजे हो. दोनदा, म्हणजे नाही. झालं, संपली भाषा. एवढ्यावर सासूबाईंच्या मते सगळा संसार करता येत होता. भाजीत मीठ टाकलं? टच्. गाईला पाणी दाखवलं? टच्. पण 'मीठ संपलंय' हे टच् मध्ये कसं सांगणार? 'मला बरं वाटत नाही' हे सांगायला चुडा किती वाजवणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की बुक्क्या कुणी मारत नव्हतं, सासूबाई तशा वाईट नव्हत्या.

अशा अवघड प्रसंगी कामाला यायची माझी नणंद. तिचे तेव्हा दुधाचे दात पडत होते, पण रीतीप्रमाणे मी तिला 'बाईसा' म्हणायची आणि ती मला 'भाभी' म्हणून हुकूम सोडायची. मी तिच्या कानात कुजबुजायचं आणि तिनं ते आईला मोठ्यानं सांगायचं. ती माझी जीभ होती म्हणा ना. आता दुसऱ्याची जीभ उसनी घेतली की ती मालकाच्या चवीनं चालते. मी कानात सांगायची, "पीठ संपत आलंय." बाईसा चौकात जाऊन ओरडायची, "भाभी केवै है, बजार सूं गुडीशेव मंगावो!" गुडीशेव म्हणजे गुळात घोळलेली जाड शेव, बाईसाचा जीव की प्राण. सासूबाई मान हलवायच्या, "या बींदणीला गोडाची भारी हौस!" बींदणी म्हणजे सून, मी. शेव यायची, बाईसा खायची, आणि नाव माझं. मी दाराआडून दोनदा, चारदा चुडा वाजवायची. पण दोनच्या पुढे वाजवलं तर त्याचा अर्थ काय, हे आमच्या भाषेत ठरलेलंच नव्हतं. सासूबाई त्याचा अर्थ 'सून खूश आहे' असा लावायच्या.

दिवाळी झाली, मिरची आली. गाड्याच्या गाड्या लाल मिरची परसात ओतली जायची आणि ती पसरायला, देठ खुडायला आसपासच्या बायका यायच्या. सासूबाईंनी मला तिथे बसवलं. काम काय, तर बायका ओटीत मिरची बांधून नेत नाहीत ना ते बघायचं. मी घुंगट ओढून बसायची. घुंगटातून दिसायची ती फक्त स्वतःची पावलं. असा पहारेकरी सात जन्मांत कुणाला मिळाला नसेल.

डोळे बंद, तोंड बंद, मग माणसाला उरतं काय? कान. त्या बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलत. हसत, भांडत, गात, पुन्हा बोलत. सुरुवातीला मला त्यातलं काहीही कळेना. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच समजेना. ताटात शिजलेल्या शेवयांचा गोळा यावा तसं सगळं एकमेकांत गुंतलेलं. एक गोळा मात्र सारखा कानावर यायचा: 'कायकरीऱ्हायनीवं'. मला वाटायचं हे कुणाचं तरी नाव असावं. मग एकदा कुणीतरी म्हणालं, 'काय खाई ऱ्हायनी वं', आणि लगेच दुसरी म्हणाली, 'काय दखी ऱ्हायनी वं'. मी घुंगटात ताठ झाले. गोळ्याची दोन्ही टोकं तीच, मधलाच तुकडा बदलला! म्हणजे हा गोळा नव्हताच, जोडकाम होतं. मधला तुकडा काढता येतो आणि हवा तो बसवता येतो! मला इतका आनंद झाला की मी कारण नसताना चुडा वाजवला. बायका गप्प झाल्या. त्यांना वाटलं मी कुणाला तरी चोरी करताना पकडलं.

त्या दिवसापासून माझं डोकं थाऱ्यावर नव्हतं. पोळी लाटताना मी मनात तुकडे बसवायची. काय लाटी ऱ्हायनी. काय भाजी ऱ्हायनी. बायका वापरत नसलेलेही तुकडे मी बसवायची, आमच्या मारवाडीतलेसुद्धा, आणि मनातल्या मनात कुणी नाही म्हणत नसल्यामुळे सगळे बरोबरच असायचे. हे तुकडे कुठल्या क्रमानं आले म्हणाल तर सभ्य माणसाला सांगण्यासारखा तो क्रम नाही. आधी शिव्या आल्या. त्या जोरात दिल्या जातात आणि पुन्हा पुन्हा दिल्या जातात, त्यामुळे चटकन पाठ होतात. मग खाण्याच्या वस्तू. मग सासवांबद्दलची वाक्यं. 'आठे' आणि 'तठे' म्हणजे इथे आणि तिथे, हे मला त्यांच्या पायांच्या चाहुलीवरून कळलं. आणि एक शब्द माझ्याकडे आवाज वळवून नेहमी बोलला जायचा, 'मुकी'. तो कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"हाई मुकी शे का वं?" नवी कुणी बाई कामाला आली की विचारायची.

"मुकी नई वं, मारवाडीन शे," जुनी सांगायची, जणू दोन्ही एकाच आजाराची नावं.

हे कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. माहेरी मी बडबडी म्हणून प्रसिद्ध होते. आई म्हणायची, ही झोपेतसुद्धा शेजारणीशी बोलते. आणि इथे मी मुकी!

माझं पहिलं वाक्य मात्र मी ठरवून बोलले नाही. नुसतं बसून कंटाळले म्हणून मीही देठ खुडू लागले होते. घुंगटात माशी शिरली, मी तोच हात डोळ्याला लावला. मारवाडी देवाला हाक मारावी की अहिराणी देवाला, हे ठरायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "मन्हा डोयामा आग पडनी वं माय!"

एवढी मोठी किंकाळी त्या परसानं कधी ऐकली नसेल. मग एकच गलका झाला, "मुकी बोलनी! मुकी बोलनी!" कुणी पाणी आणलं, कुणी पदरानं वारा घातला, आणि त्या सगळ्यांची पुढारीण, जिला मी पुढे 'माय' म्हणू लागले, ती माझ्या डोक्यावर हात ठेवून हसता हसता रडायला लागली. मी आंधळी झालेली, तरी त्या क्षणी माझ्याइतकी सुखी बाई नंदुरबारात नव्हती. मी काहीतरी बोलले होते आणि समोरच्या माणसाला ते जसंच्या तसं पोचलं होतं. मध्ये बाईसा नव्हती.

कामकरी बायकांशी बोलायला रीतीची आडकाठी नव्हती; त्या काही सासू नव्हेत. मग काय, कानामागून आली आणि तिखट झाली. चुकायची, बायका लोळून हसायच्या, पण हसता हसता बरोबर कसं ते म्हणून दाखवायच्या. हंगाम अर्ध्यावर येईपर्यंत मी त्यांच्या भांडणांत निवाडा करू लागले होते. घरात शिरले की पुन्हा टच् आणि टच् टच्.

माघ लागला आणि माहेराहून काका आले. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, मला न्यायला आले होते. लग्नानंतर मी माहेरी गेलेच नव्हते. आधी लांबचा पल्ला म्हणून, मग सोबत नाही म्हणून, मग हंगाम म्हणून. आईचा आवाज कसा होता तो मी आठवून आठवून झिजवला होता. काकांचा खाकरण्याचा आवाज ओसरीवर ऐकला आणि मी हातातलं काम टाकून दाराआड येऊन उभी राहिले. या खेपेला गेले नाही तर पुन्हा कधी?

सासूबाईंनी काकांना पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, माल परसात पडलाय, पण मी कुणाला अडवणारी नाही, बींदणीची इच्छा असेल तर जाऊ दे. आणि बाईसाला आत पाठवलं, विचारून ये म्हणून.

बाईसा आली. मी तिला कवेत घेतलं, कानात सांगितलं, "सांग, जाणार. आत्ता जाणार. उभ्या उभ्या जाणार." बाईसानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग ओसरीवर गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भाभी केवै है, काम घणो है, म्हैं कोनी जावूं!" कोनी जावूं, म्हणजे जात नाही!

मी चुडा वाजवला. दोनदा. ऐकू गेला नसेल म्हणून पुन्हा दोनदा. मग भान राहिलं नाही, दोन्ही हातांनी वाजवत सुटले.

"बघा," सासूबाई काकांना म्हणाल्या, "किती आनंदानं सांगते आहे!"

आणि काका, माझे सख्खे काका, डोळे पुसून म्हणाले, "धन है बेटी!" पोरीनं सासरचं काम माहेरच्या लग्नापेक्षा मोठं मानलं, घराण्याचं नाव काढलं, आता तिच्या आईला जाऊन सांगतो. सासूबाईंनाही हुंदका आला. ओसरीवर दोघं माझ्या थोरवीनं रडत होते आणि दाराआड मी रडत होते, आणि तिन्ही रडण्यांचा आवाज एकच. कुणाला काय कळणार? काका म्हणाले, मग मी उद्या दुपारच्या सुरतेच्या गाडीनं निघतो.

बाईसा रात्रभर माझ्याकडे फिरकली नाही. राग असा आला होता की तिच्या वेण्या एकमेकींना बांधून टाकाव्यात. नवऱ्याला सांगता आलं असतं, पण ते मालासाठी शहाद्याकडे गेले होते. दुष्काळात तेरावा महिना.

सकाळी परसात गेले. बायका खुडायला बसल्या होत्या. सासूबाईही ओट्यावर येऊन बसल्या होत्या, वाळलेली मिरची पोत्यात भरून घेत. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. उचलली जीभ लावली टाळ्याला, तर रीत मोडते. न लावावी तर गाडी जाते. मी माझ्या मायसमोर जाऊन बसले, सासूबाईंकडे पाठ केली, घुंगट आणखी खाली ओढला आणि परसाच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"माय वं, मन्हा भाऊनं लगीन शे! काका मले लेवाले येल शेतस. मले जानं शे! मी नई जास आसं मी म्हनेल नई, ते बाईसानी तिन्हा मनथून सांगं. कितला दिन व्हयनात, मन्ही मायनं तोंड मी दखं नई!"

'लेकी बोले सुने लागे' ही म्हण मला तेव्हा ठाऊक नव्हती. नाहीतर म्हटलं असतं, आज सून बोलते आणि सासूला लागू दे. सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलेलं मला ऐकू आलं. थांबलेलं सूपही ऐकू येतं, कान तयार असले की.

सासूबाईंचा आवाज माझ्याकडे वळला नाही. तो मायकडे वळला. आणि त्यांनी तोंड उघडलं ते अहिराणीत.

"इचार तिले," त्या म्हणाल्या, "मंग काल काब्रं बोलनी नई?"

माय मिरची हातात धरून बिचारी माझ्याकडे वळली. "शेठानी इचारी ऱ्हायनी, काल काब्रं बोलनी नई?"

"कशी बोलू?" मी तिला म्हणाले. "बोलानी बंदी शे ना! सांग त्यास्ले."

"ती म्हनी ऱ्हायनी, बंदी शे."

"मले ऐकू येस! मी काय बहिरी शे?" सासूबाई मायवर कडाडल्या. "इचार तिले, इतलं बोलाले इले कोनी शिकाडं?"

आता मात्र सगळ्या बायका एकदम बोलल्या, "आम्हीच शिकाडं, शेठानी!" आणि कोपऱ्यातली एक म्हातारी खुडता खुडता म्हणाली, "तुले बी आम्हन्या सासूस्नीच शिकाडं व्हतं. तू बी मुकीच उनी व्हती."

सासूबाई हसल्या. मी तोपर्यंत त्यांना हसताना ऐकलंच नव्हतं. मारवाडीत त्या मोजूनमापून बोलायच्या, कुलुपाच्या किल्लीसारखं एकेक वाक्य. अहिराणीत त्या पोट धरून हसल्या, म्हातारीला एक इरसाल शिवी हासडली, म्हातारीनं परत दिली. मी घुंगटात तोंड दाबून हसत होते. ती शिवी माझ्या पाठांतरातली होती.

माय दोन्हीकडे मान वळवून वळवून थकली. म्हणाली, "तुम्ही दोन्ही ते बोली ऱ्हायन्यात. मंग मन्हं काय काम? मी उठस."

"बठ!" सासूबाई ओरडल्या. "तू उठनी ते आम्हनं बोलनं बंद व्हई!"

तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीमागून शिंकांची माळ लागली. बाईसाला बाहेर ओढलं. नाक गळतंय, डोळे लाल, मिरचीनं की रडण्यानं कोण जाणे. आईनं कान धरल्यावर भोकाड पसरून म्हणाली, "भाभी गई ते मन्ही येनी कोन घाली?" काल सगळ्यांच्या समोर मारवाडीत खोटं बोललेली पोर खरं बोलली ते अहिराणीत. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला जवळ ओढलं आणि तिथेच, मिरच्यांच्या ठसक्यात, तिची वेणी घालून दिली.

"सांग तिले," सासूबाई मायला म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता, "गाठोडं बांध म्हना. गाडीनी येय व्हई जाई. आनि सांग तिले, मी बी मन्ही मायले कितला दिन दखं नव्हतं."

मायनं ते मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

ओसरीवर जाऊन सासूबाई पुन्हा मारवाडी झाल्या. काकांना म्हणाल्या, बींदणी तर काही केल्या निघायला तयार नाही, शेवटी मीच हुकूम दिला. काकांचे डोळे पुन्हा भरून आले, "अशी सासू सात जन्मांत मिळायची नाही!" मी दाराआडून एकदाच चुडा वाजवला. हो.

गाडीत, मग दुसऱ्या गाडीत, मग उंटगाडीत मी मनात एकच काम करत होते. आईला काय काय सांगायचं ते जुळवत होते. माठाचं, बाईसाचं, गुडीशेवचं, डोळ्यातल्या मिरचीचं. इतकं साठलं होतं की घर दिसलं तेव्हा उंटगाडी थांबायच्या आत मी खाली उडी घेतली. आई उंबऱ्यात उभी होती. केस पिकले होते. मी घुंगट मागे फेकला, तिच्या गळ्यात पडले आणि बोलायला लागले. थांबलेच नाही. उंबऱ्यात बोलले, चुलीपाशी बोलले, तिनं पुढे ठेवलेलं ताट तसंच ठेवून बोलले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, मान हलवत होती, मध्येच पदरानं डोळे टिपत होती. शेजारणी दाराशी जमल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. एक हळूच दुसरीला म्हणाली, पोरीला बाहेरची बाधा तर झाली नाही ना?

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी पहिल्या 'माय वं' पासून अहिराणीतच बोलत होते. मारवाडी मी विसरले नव्हते; पण ज्या ज्या गोष्टी सांगत होते त्या माझ्यापाशी त्याच बोलीत होत्या. मी तोंडावर हात ठेवला. लाजेनं मरायची वेळ आली. एवढ्या दिवसांनी आईला भेटले आणि तिच्याशी परक्या भाषेत बोलले, याचं मला रडू कोसळलं.

आईनं माझा हात तोंडावरून खाली घेतला.

"आधो तो समझ में कोनी आयो, बेटी," ती म्हणाली. "पण तूं बोलती रै."